पुढची टूर कोण जिंकणार? आधी वाईट दिवसाची किंमत काढा

पाऊस जवळ यायला लागला की गोव्यातल्या सायकलवाल्यांच्या गप्पा एकाच विषयावर येतात: यंदाची टूर दे फ्रान्स कोणाची? रविवारी सकाळी चोर्ला घाट उतरून आलेली मंडळी साखळीत भाजी-पाव घेऊन बसतात आणि वाद सुरू होतो. कोणी स्लोव्हेनियाच्या पोगाचारचं नाव घेतो, कोणी डेन्मार्कच्या विंगेगार्डचं. परवा घोळक्यात एक नवा मुलगा होता. म्हापशाचा, फुटबॉल बघत वाढलेला. त्याने विचारलं, "दादा, रोज वेगळाच माणूस पहिला येतो ना? मग पिवळी जर्सी भलत्याच्याच अंगावर कशी?"

वाद घालण्याआधी या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायला हवं. ते समजलं की 'सगळ्यात वेगवान कोण' हा प्रश्न आपोआप मागे पडतो आणि खरा प्रश्न पुढे येतो.

टूर ही २१ टप्प्यांची शर्यत. मध्ये दोन दिवस विश्रांती. प्रत्येक टप्प्याला प्रत्येकाला किती वेळ लागला याची नोंद होते आणि ती वेळ आधीच्या वेळेत मिळवली जाते. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, पिवळी जर्सी त्याची. शेवटी पॅरिसला पोचल्यावर ज्याची बेरीज सगळ्यात कमी, टूर त्याची. टप्पा जिंकलाच पाहिजे अशी अट कुठेच नाही. १९९० साली ग्रेग लेमाँडने आणि २०१७ साली ख्रिस फ्रूमने एकही टप्पा न जिंकता टूर जिंकली. मे महिन्यात इटलीत होणारी जिरो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात स्पेनमध्ये होणारी व्हुएल्टा, या दोन्ही मोठ्या शर्यतींचा हिशेबही हाच.

यातली मेख अशी, की बहुतेक दिवशी या बेरजेत काही फरकच पडत नाही. एका घोळक्यातून रेषा ओलांडणाऱ्या सगळ्यांना एकच वेळ लावली जाते. सपाट टप्प्यावर दीडशे जण एकत्र आले, तर पहिल्याला आणि शंभराव्याला वेळ सारखीच. फक्त पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. त्यामुळे सपाटीवर वाऱ्यासारखा सुटणारा स्प्रिंटर दहा सेकंद कमावतो आणि पुढच्या डोंगरात अर्धा तास गमावतो. टीव्हीवर रोज वेगळा चेहरा हात वर करताना दिसतो तो यामुळे.

मग फरक पडतो कधी? २०२५ची टूर बघा. पोगाचारने विंगेगार्डला ४ मिनिटं २४ सेकंदांनी हरवलं. कान शहरातल्या ३३ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये (प्रत्येक जण एकटा, घड्याळाविरुद्ध) त्याने विंगेगार्डवर १ मिनिट ५ सेकंद कमावले, ओताकामच्या चढावर २ मिनिटं १० सेकंद आणि दुसऱ्याच दिवशी पेरागूदच्या डोंगरातल्या टाइम ट्रायलमध्ये ३६ सेकंद. तिन्ही मिळून ३ मिनिटं ५१ सेकंद. म्हणजे तीन आठवड्यांची शर्यत जवळजवळ या तीन दिवसांतच मिटली. बाकीचे अठरा दिवस दोघं एकमेकांच्या चाकाला चाक लावून फिरत होते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: टूरचा विजेता ओळखायचा असेल तर कोणाचा चांगला दिवस किती चांगला आहे ते बघू नका. या दर्जाच्या पाच-सहा जणांचे चांगले दिवस फार वेगळे नसतात. वाईट दिवस प्रत्येकाला येतो. तो दिवस ज्याला सगळ्यात स्वस्तात पडतो, तो जिंकतो.

वाईट दिवसाची किंमत कशी ठरते हे कळायला आधी हवा समजून घ्यायला हवी. सायकलच्या शर्यतीतलं निम्मं राजकारण हवेमुळेच घडतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट केला तर हवा कापायला आठपट शक्ती लागते. ताशी ४५ किलोमीटरने सपाटीवर जाणारा माणूस आपली बहुतेक ताकद हवेवरच खर्च करतो. पण दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून गेला, तर त्याचं काम साधारण तिसऱ्या हिश्श्याने तरी हलकं होतं. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर त्याहून बरंच जास्त.

पणजीहून पाटोच्या बाजूने रायबंदरच्या कॉजवेवर सायकल घातली की हे अंगावर कळतं. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, रस्ता सरळ आणि आडोसा कुठेच नाही. समोरून वारा असला की पुढच्याच्या मागे लपायचं, तो दमला की आपण पुढे यायचं, एवढं साधं. पण वारा नदीवरून आडवा येत असला की मागे लपून उपयोग नसतो. पुढच्याच्या जरा बाजूला, वाऱ्याच्या उलट अंगाला राहावं लागतं. सगळ्यांनी असंच केलं की तिरकी रांग तयार होते, आणि रस्त्याची रुंदी संपली की शेवटच्या माणसाला आडोसा उरत नाही. तो सुटला की सुटलाच. २०२०च्या टूरमध्ये लावूरच्या सपाट टप्प्यावर नेमकं असंच झालं. वाऱ्याने घोळका फुटला, पोगाचार मागच्या गटात अडकला आणि १ मिनिट २१ सेकंद गमावून बसला. डोंगर नव्हता, पाय दमले नव्हते, फक्त चुकीच्या क्षणी चुकीच्या जागी होता. ज्याच्या टीममध्ये वारा वाचणारे, धिप्पाड, सपाटीवरचे गडी असतात, त्याला असे दिवस स्वस्त पडतात. टीम आठ जणांची असते आणि त्यातले सात एकासाठी राबतात, ते यासाठीच. कोणी वारा अडवतो, कोणी पाण्याच्या बाटल्या आणतो, आणि पंक्चर झालं तर कोणी आपलं चाक काढून देतो.

चढावर गोष्ट बदलते. वेग कमी होतो, हवेचा जोर ओसरतो आणि गुरुत्वाकर्षण पुढे येतं. इथे नुसती ताकद कामाची नाही; वजनाच्या मानाने ताकद लागते. सायकलवाले ती वॉट भागिले किलोमध्ये मोजतात. रविवारी घाट चढणाऱ्या नियमित हौशी माणसाने तासभर तीनचा आकडा टिकवला तर त्याला शाबासकी द्यावी. टूर जिंकू पाहणारे शेवटच्या चढावर सहाच्या वर असतात, तेही आधीचे पाच तास पायात असताना. सपाट टाइम ट्रायलमध्ये मोठ्या हाडापेराचा माणूस जिंकतो, कारण वजन वाढलं तरी हवेला दिसणारा अंगाचा आकार त्याच प्रमाणात वाढत नाही. डोंगरात तेच वजन त्याच्या गळ्यात पडतं. टूरला दोन्ही लागतं, म्हणून दोन्हीत पहिल्या पाचांत राहणारा माणूस दुर्मिळ.

आता किंमत काढू. आल्प द्यूएझचा चढ १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्के, एकवीस वळणांचा. ताशी २१ किलोमीटरने गेलं तर साडेएकोणचाळीस मिनिटांच्या आत वर पोचता येतं. ताशी साडेएकोणीसने गेलं तर साडेबेचाळीस मिनिटं. टीव्हीवर बघताना दीड किलोमीटरचा फरक डोळ्यांना जाणवतही नाही, आणि तीन मिनिटं गेलेली असतात. सपाटीवर दमलेल्या माणसाला घोळका ओढून नेतो. वेळ जात नाही. चढावर लपायला जागाच नसते. म्हणून वाईट दिवस कोणत्या रस्त्यावर येतो यावर त्याची किंमत ठरते.

आणि तो येतोच, कारण ही २१ दिवसांची गोष्ट आहे. आपल्याकडून पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंडीत जो चालला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे धावणारा चौथ्या दिवशी पायाचे फोड बघत बसतो, आणि संथ चालणारी एखादी आजी रोज सकाळी तशीच ताजी उभी राहते. सायकलच्या भाषेत याला रिकव्हरी म्हणतात. रात्रीतून पायांत किती जीव परत येतो, पोट किती अन्न पचवतं, झोप लागते की नाही. आता हे लोक सायकलवर बसल्या बसल्या तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात घालतात, जेल आणि पाण्यातून. शरीरातला साखरेचा साठा कठीण शर्यतीत दोनेक तासांतच रिकामा होऊ शकतो. खाण्याची एक वेळ चुकली की तासाभराने पाय रिकामे, आणि मग कितीही मनोबल असलं तरी सायकल हलत नाही.

दोन दिवस जवळून बघू. दोन्ही पोगाचारचे, आणि सगळ्या वादाचं मूळ त्यांच्यातच आहे.

२०२२, ग्रानोंचा चढ. पोगाचार सलग दोन टूर जिंकून आलेला, पिवळ्या जर्सीत. कोविडमुळे त्याच्या टीममधले दोन साथीदार आधीच शर्यतीबाहेर गेले होते. विंगेगार्डच्या टीमने गालिबिए घाटातच वार सुरू केले. आधी विंगेगार्डचा साथीदार रॉग्लिच सुटायचा, मग विंगेगार्ड, पुन्हा रॉग्लिच. प्रत्येक वेळी पोगाचारने स्वतः उठून पाठलाग केला, कारण त्याच्या जागी जायला जवळ कोणी उरलंच नव्हतं. त्या घडीला तो अजिंक्य वाटत होता. पण ग्रानोंवर, समुद्रसपाटीपासून २,४१३ मीटर उंचीकडे जाताना, विंगेगार्ड सुटला आणि पोगाचारची जर्सी छातीपर्यंत उघडी, डोकं खाली. २ मिनिटं ५१ सेकंद गेले, विंगेगार्डला पहिल्या नंबरची दहा सेकंदांची सूट धरली तर ३ मिनिटं १ सेकंद. आता पॅरिसचा आकडा बघा: विंगेगार्ड ती टूर २ मिनिटं ४३ सेकंदांनी जिंकला. म्हणजे उरलेल्या वीस दिवसांच्या हिशेबात पोगाचार अठरा सेकंदांनी पुढेच होता! एका दुपारने सगळी टूर नेली. आणि त्या दुपारी तो कमी ताकदीचा नव्हता. दोघांचं काम एकट्याने करत होता.

पुढच्या वर्षी कोल द ला लोझ. त्याआधी एप्रिलमध्ये लिएज-बास्तोन-लिएज शर्यतीत पडून पोगाचारचं मनगट मोडलं होतं, तयारीचे आठवडे बुडाले होते. तरी दोन आठवड्यांनंतर तो विंगेगार्डच्या फक्त दहा सेकंद मागे होता. मग टाइम ट्रायलमध्ये १ मिनिट ३८ सेकंद गेले आणि दुसऱ्या दिवशी लोझच्या चढावर त्याने रेडिओवरून टीमला सांगितलं की मी संपलो. त्या दिवशी ५ मिनिटं ४५ सेकंद. वसंतातल्या एका पडण्याचं बिल जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. तिसरा आठवडा उधारी ठेवत नाही.

आता उलट उदाहरण, जे माझ्या मते अलीकडच्या सगळ्या शर्यतींत सर्वांत शिकण्यासारखं आहे. २०१८ची जिरो. सायमन येट्स गुलाबी जर्सीत (जिरोत पुढे असणाऱ्याची जर्सी), दोन आठवडे सगळ्यांना धुऊन काढत होता. एकोणिसाव्या टप्प्यावर, कोले देल्ले फिनेस्त्रेच्या कच्च्या रस्त्यावर तो कोसळला. त्या एका दिवसात ३८ मिनिटांहून जास्त वेळ गेला, आणि त्याच दिवशी फ्रूमने ८० किलोमीटर एकट्याने जाऊन शर्यत उचलली. सात वर्षांनी, २०२५ च्या जिरोत, पुन्हा फिनेस्त्रे, शेवटून दुसरा दिवस. इसाक देल तोरो गुलाबी जर्सीत, रिचर्ड करापाझ त्याच्या ४३ सेकंद मागे, येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. येट्स सुटला. देल तोरो आणि करापाझ एकमेकांकडे बघत राहिले. तू ओढ, मी नाही. पाठलाग केला तर दुसऱ्याला फुकटची सवारी मिळेल या भीतीने दोघांनीही पाठलाग केला नाही. आणि येट्सच्या टीमने सकाळीच त्याचा साथीदार वाउट व्हान आर्टला पुढच्या गटात पाठवून ठेवलं होतं. घाट उतरल्यावर तो वाट बघत थांबला आणि दरीतल्या सपाट रस्त्यावर येट्सला ओढत घेऊन गेला. शेवटी येट्सने जिरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकली.

देल तोरोचे पाय त्या दिवशी वाईट नव्हते. निर्णय वाईट होता. वाईट दिवस डोक्यालाही येतो, आणि त्याची किंमत चढावरच्यापेक्षा कमी नसते. वादात कुणी फक्त वॉटचे आकडे टाकत असला, तर त्याला ही जिरो दाखवावी.

टाइम ट्रायलबद्दल थोडक्यात. तिथे प्रत्येक जण एकटा, घड्याळाविरुद्ध, मागे लपायला कोणी नाही. म्हणून तिथे लपवलेला अशक्तपणा उघडा पडतो. १९८९ला लेमाँड शेवटच्या दिवशी ५० सेकंद मागे होता, व्हर्सायहून पॅरिसच्या साडेचोवीस किलोमीटरमध्ये त्याने पुढे असलेल्या फिन्योंवर ५८ सेकंद काढले आणि टूर आठ सेकंदांनी जिंकली. २०२०ला रॉग्लिच ५७ सेकंद पुढे असताना शेवटून दुसऱ्या दिवशी पोगाचारने त्याला जवळजवळ दोन मिनिटांनी मागे टाकलं. पोगाचार तेव्हा २१ वर्षांचा होता.

यंदाचा रस्ता आणि माणसं

एवढं हातात घेऊन आता २०२६कडे बघू. टूर ४ जुलैला बार्सिलोनात सुरू होते, तीही टीम टाइम ट्रायलने. पूर्ण टीम मिळून धावते, पण बेरजेत प्रत्येकाची स्वतःची वेळ धरली जाते. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी कोणाची टीम भक्कम आहे हे सेकंदांत कळेल. एकूण अंतर ३,३३३ किलोमीटर. एकट्याची टाइम ट्रायल एकच, २१ जुलैला, एव्हियाँ ते तोनों, २६ किलोमीटर. पायरेनीजचे डोंगर पहिल्याच आठवड्यात येतात. आणि खरा डोंगर शेवटाला: २४ आणि २५ जुलै, सलग दोन दिवस आल्प द्यूएझवर शेवट. २४ला नेहमीचा एकवीस वळणांचा रस्ता. २५ला मात्र क्रुआ द फेर, तेलेग्राफ, २,६४२ मीटर उंचीचा गालिबिए आणि मग मागच्या बाजूने सारेन घाट चढून वर. एका दिवसात ५,६०० मीटर चढ. चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. तो समुद्राकाठापासून सात वेळा चढण्याइतकं हे एकाच दिवशी, आणि तेही एकोणीस टप्पे पायात असताना. दुसऱ्या दिवशी पॅरिस. (२५ जुलैला आपल्याकडे आषाढी एकादशी आहे. टप्पे आपल्या वेळेनुसार साधारण रात्री नऊच्या सुमारास संपतात, तेव्हा देवळातलं भजन आणि शर्यत यांचा मेळ कसा घालायचा ते ज्याचं त्याने बघावं.)

या रस्त्याचा अर्थ सरळ आहे. आखणाऱ्यांनी सगळ्यात महाग दिवस सगळ्यात शेवटी ठेवलाय. २५ तारखेला कोणी कोसळला तर भरून काढायला पुढे दिवसच नाही.

पोगाचार पहिला दावेदार आहे यात मला शंका नाही. २०२०, २०२१, २०२४, २०२५ अशा चार टूर झाल्या. पाचवी जिंकली तर अंकतिल, मर्क्स, इनो आणि इंदुराइन या पाच-पाच टूर जिंकणाऱ्यांच्या ओळीत बसेल. पण मी त्याला पुढे ठेवतो ते त्याने किती मैदानं मारली म्हणून नाही. २०२३ नंतर त्याने आपल्या वाईट दिवसांची किंमत खाली आणली म्हणून. ग्रानों आणि लोझ दोन्ही दोन हजार मीटरच्या वरचे, त्यामुळे उंचीवर तो ढासळतो असं तेव्हा म्हटलं जायचं. २०२४ला त्याने २,८०२ मीटरचा बोनेट ओलांडून इझोला २००० वर टप्पा जिंकला. आणि गेल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात तो दमलेला, वैतागलेला स्पष्ट दिसत होता. चेहरा उतरलेला, हल्ले बंद. तरी व्हाँतूच्या आणि लोझच्या चढावर विंगेगार्डला त्याच्याकडून एक सेकंदही काढता आला नाही, आणि ला प्लान्यच्या चढावर मिळाले ते फक्त सुटीचे दोन. त्याच्या वाईट आठवड्यातही प्रतिस्पर्ध्याच्या हाताला फारसं काही लागलं नाही. चार मिनिटांच्या विजयापेक्षा मला हे जास्त मोठं वाटतं.

योनास विंगेगार्डचं बलस्थान तिसरा आठवडा आणि लांब, उंच चढ. रस्ता त्याच्यासाठीच आखल्यासारखा आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये बास्क देशातल्या शर्यतीत त्याच्या बरगड्या आणि गळपट्टीचं हाड मोडलं, फुप्फुसाला इजा झाली. तीन महिन्यांत तो टूरला उभा राहिला, ल लियोराँच्या टप्प्यावर पोगाचारला समोरासमोर हरवलं आणि दुसरा आला. गेल्या वर्षी व्हुएल्टा जिंकली. पण टूरमध्ये त्याचे महाग दिवस लवकर येतात, हे कान आणि ओताकामने दाखवलं. यंदा त्याने जिरोही धरली आहे. जिरो आणि टूर एकाच वर्षी जिंकणं १९९८मध्ये पांतानीला जमलं आणि मग थेट २०२४मध्ये पोगाचारला. मे महिन्यात तीन आठवडे ओतून जुलैच्या शेवटच्या शनिवारी पायांत किती उरेल, हा त्याच्याबद्दलचा सगळ्यात मोठा प्रश्न. त्यात येट्सने जानेवारीत निवृत्ती घेतली. डोंगरातला एक खंदा साथी कमी झाला. विंगेगार्डच्या व्हिस्मा टीमचं डोकं मात्र अजून सगळ्यांत तल्लख आहे. ग्रानों आणि फिनेस्त्रे हे दोन्ही डाव त्याच टीमचे.

रेम्को इव्हेनपूल यंदा रेड बुल टीमकडे गेलाय. टाइम ट्रायलमध्ये सलग तीन वर्षं विश्वविजेता, २०२४ ला टूरमध्ये तिसरा. पण त्याला सव्वीस किलोमीटरच मिळतायत, आणि गेल्या वर्षी तूरमाले घाटात तो शर्यत सोडून गेला. त्याचा वाईट दिवस फार महाग असतो. त्याच टीममध्ये फ्लोरियान लिपोवित्झ आहे, गेल्या वर्षीचा तिसरा. टीमने वेळीच एकाला निवडलं नाही, तर दोघंही एकमेकांकडे बघत राहतील, आणि त्याचं काय होतं ते फिनेस्त्रेवर पाहिलंय. मी असतो तर लिपोवित्झवर पैज लावली असती. त्याची घसरण हळू असते.

देल तोरो पोगाचारचाच साथीदार म्हणून येतोय, त्यामुळे त्याचं नाव विजेत्यांत घेण्यात अर्थ नाही, पण पोगाचार पडला-बिडला तर तोच पुढे येईल. हुआन आयुसोला लिड्ल-ट्रेक टीममध्ये हवी ती मोकळीक मिळाली आहे. तीन आठवडे टिकल्याचा पुरावा अजून पुरेसा नाही. ऑस्कर ओन्ली गेल्या वर्षी चौथा आला आणि आता इनिओस टीममध्ये आहे. फ्रेंच लोकांचा जीव १९ वर्षांच्या पॉल सेक्सासमध्ये अडकलाय, आणि का अडकू नये. १९८५च्या इनोनंतर त्यांना टूरचा घरचा विजेता मिळालेला नाही. पण त्या वयात तिसरा आठवडा काय मागतो हे कोणालाच आधी सांगता येत नाही. त्याच्यावर अपेक्षांचं ओझं आत्ताच टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

तर माझं मत: पोगाचार. पण ९ जुलैला तूरमाले ओलांडून गाव्हार्नीला तो विंगेगार्डपासून सुटला नाही, १९ जुलैला सोलेजोंच्या चढावरही नाही, आणि २१च्या टाइम ट्रायलनंतर दोघांत तीस सेकंदांहून कमी अंतर राहिलं, तर माझं मत बदलेल. तेवढ्या अंतरावर सारेन घाटाच्या पायथ्याशी दोघं एकत्र आले, तर मी विंगेगार्डच्या टीमकडे बघेन: वर चढताना त्याच्याबरोबर किती जण आहेत आणि सकाळी पुढे कोणाला पाठवलंय.